श्रावणातली मेंढी

वैशाखात घोंगडी पांघरून बसलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्याच्याशी संसार केलाय. बाहेर समुद्राचं वारंसुद्धा तापून येई, कोंबड्या चोची उघड्या टाकून माडाच्या सावलीत पडून राहत, आणि आमचे हे पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीत गुरफटून म्हणत, "दार लोट गो. वारा लागतो."

आज हसू येतं. तेव्हा मात्र ते दार लोटताना मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडी आपटायची. आमच्या घरातल्या निम्म्या पितळी भांड्यांना त्या वर्षांत पोचे आले.

मी पालीची. वडील मराठी शाळेत मास्तर, त्यामुळे सातवीपर्यंत शिकले आणि शिकल्यामुळे जीभही जरा लांब झाली, असं आई म्हणे. लग्न होऊन आले ती अलिबागच्या खाली, समुद्राला लागून असलेल्या वाड्यांच्या गावात. साल काही सांगता यायचं नाही. एकोणीसशे तिसाच्या पुढची वर्षं ती. घरात माणसं मोजकी. सासूबाई, त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे आमचे हे, आणि मी. सासरे लग्नाआधीच गेलेले. माडा-पोफळींची वाडी, मधोमध विहीर, विहिरीवर रहाट. बैल रहाटाभोवती फिरायचा, पाणी पाटात पडायचं आणि पाटापाटानं प्रत्येक झाडाच्या आळ्यात जायचं. त्या रहाटाची कुरकुर ऐकतच आमच्या गावातली माणसं जन्मतात नि मरतात.

लग्न झालं तेव्हा हे चोवीस-पंचवीसचे असतील. नारळ पाडायला पाडेली यायचा, पण त्याची वाट बघायचा यांना धीर नसे. आपणच सरसर माडावर चढत आणि वर बसून अभंग म्हणत. आवाज खणखणीत. देवळातल्या भजनात हे नसले तर टाळकऱ्यांना चुकल्यासारखं होई. आमचं पहिलं वर्ष कसं गेलं ते मी लिहीत नाही, पण फार छान गेलं एवढं लिहायला आता या वयात कोणाची चोरी नाही.

मग काय झालं ते नक्की कधी सुरू झालं हे सांगता येणार नाही. पाणी मुरावं तसं ते आलं. आधी माडावर चढणं सुटलं. मग भजन सुटलं, कारण आवाज बसला, आणि बसला तो बसलाच. चेहरा गोल झाला, डोळ्यांखाली फुगवटा आला. कातडी सुकटासारखी खरखरीत. बोलणं इतकं संथ की वाक्य सुरू झाल्यावर मी कढी ढवळून यावी आणि तरी शेवट ऐकायला वेळेवर पोचावी.

आणि गाव काय म्हणालं? "बायको चांगली मानवली!" सासूबाईंना तर धन्य वाटे. विहिरीवर बायकांना सांगत, "माझ्या हातचा जेवन अंगाला लागला बघ पोराच्या. कसा भरलाय!" पोरगा भरला नव्हता, सुजला होता. पण आमच्याकडे माणूस जाड झाला म्हणजे सुखी झाला, यापुढे कोणाची अक्कल जात नसे. माझीही गेली नाही, मग दुसऱ्यांना काय बोलू?

खरी गोष्ट मला एकटीला ठाऊक होती. नवरा-बायकोमध्ये जे असायला हवं ते आमच्यात उरलं नव्हतं. आधी कमी झालं, मग यांना जमेना, आणि मग यांना त्याची इच्छाच राहिली नाही. सुरुवातीला मी आरशात बघे. माझंच काही बिघडलं का, मी नकोशी झाले का, असं वाटे. पण यांच्या नजरेत माया तशीच होती. नुसती माया नाही, शरम होती. जेवण झालं की घोंगडी खांद्यावर टाकून म्हणत, "मी वाडीत खोपीत निजतो. वांदरं येतात." वांदरं रात्री झाडावर गाढ झोपतात, हे पालीच्या मुलीलाही माहीत होतं. मी कंदील पेटवून हातात दिला. पुरुषाला तेवढी एक खोटी सबब लागते, ती त्याच्याकडून काढून घेऊ नये.

मूल नाही म्हटल्यावर उपचार सुरू झाले, ते अर्थातच माझ्यावर. हरिहरेश्वराला नवस झाला, प्रदक्षिणा झाली, कमरेला दोरा बांधला, वैद्याचा काढा प्याले. तो काढा इतका कडू की त्यानं मूल येणार असतं तर तोंड वाकडं करूनच आलं असतं. सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे आत्ताच सांगून ठेवते. त्या स्वतः पेला हातात देत आणि वर गूळही देत.

यांचे उपचार मात्र चोरून चालत. खाडीवरच्या बाईकडून शिंपल्यातली कालवं आणून खात, कारण कालवांनी माणूस तरणा होतो असा आमच्याकडे सगळ्यांचा समज. जत्रेतून सांड्याचं, म्हणजे घोरपडीसारख्या सरड्याचं, तेल आणलं, त्याचा वास मला लागला आणि मी विचारलं तर म्हणाले, गुडघा दुखतो. वर्तमानपत्रात तेव्हा गेलेलं तारुण्य परत देणाऱ्या औषधांच्या जाहिराती रोज येत. एकदा तर कोणीतरी मुंबईहून बातमी आणली की परदेशात माकडाच्या गाठी माणसाला बसवतात आणि म्हातारा धावायला लागतो.  हे ऐकून आमचे हे सावकाश म्हणाले, "जन्मभर वांदरांना दगडं मारली. आता त्यांच्याकडं कुठल्या तोंडानं मागू?" त्या आजारात यांनी केलेला तो एकच विनोद. मी पोट धरून हसले, आणि हसता हसता कळलं की हा माणूस आतल्या आत किती दिवस एकटा बसलाय.

अशात एक दिवस सासूबाईंनी विषय काढला. तळे गावाकडची एक मुलगी सांगून आली होती. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तू ऱ्हा घरात. तुला कोन काढत न्हाय. पन वंश पायजे. तुलशीचा लगीन झाला की त्याचा दुसरा करू."

त्या काळी दुसरं लग्न म्हणजे काही जगावेगळं नव्हतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. सवत येणार म्हणून तर गेलीच, आणि जास्त राग याचा की सवत येऊन होणार काय होतं? ती बिचारीही माझ्यासारखीच आरशात बघत बसली असती. हे मला माहीत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. बोलले असते तर नवऱ्याची अब्रू गावच्या विहिरीवर गेली असती.

मी म्हटलं, "आत्याबाय, आधी मला एकदा डॉक्टरकडं न्या. डॉक्टर म्हणाला हिला मूल व्हायचं नाही, तर मी स्वतः हळद दळीन."

सासूबाईंना हे पटलं. हळद दळायला एक हात जास्त मिळणार होता.

अलिबागेत तेव्हा एक डॉक्टर होते. किनाऱ्यावरच्या जुन्या व्यापारी मुसलमान घराण्यातले, मुंबईला शिकून आलेले, पांढरी दाढी, डोक्यावर तांबडी तुर्की टोपी. बायकांना तपासायला त्यांची बहीण मदतीला असे, म्हणून घरंदाज बायकाही त्यांच्याकडे जात. भर वैशाखात आम्ही बैलगाडीनं गेलो. गाडीवान उघड्या अंगानं घामानं निथळत होता आणि मागे आमचे हे घोंगडीत. अलिबागच्या बाजारात लोक वळून वळून बघत होते.

दवाखान्यात मी पदर डोक्यावर घेऊन बाकावर बसले. डॉक्टर बाहेर आले, आमच्याकडे बघितलं आणि थबकले. माझ्याकडे नव्हेच, यांच्याकडे बघत होते.

"आजारी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

यांनी माझ्याकडे बोट केलं आणि सावकाश बोलायला लागले, "ही… हिला… मूल…"

डॉक्टरांनी वाक्य संपायची वाट बघितली नाही. घोंगडी खांद्यावरून काढली, हात हातात घेतला, कातडी चिमटीत धरली, भुवया पाहिल्या. टाचेच्या वर एका लहान हातोडीनं टक् केलं. पाय हलला, पण परत जागेवर यायला त्यानं आपला वेळ घेतला, यांच्या बोलण्यासारखाच. डॉक्टर स्वतःशीच हसले. हरवलेली चावी सापडल्यावर माणूस हसतो ना, तसे.

मग त्यांनी यांना आत नेलं. थोड्या वेळानं मलाही बोलावलं. "बेटी, हे लाजतात. तू सांग. संसार कसा आहे तुमचा?"

मी भिंतीकडे बघून सगळं सांगितलं. पहिलं वर्ष, मग काय झालं, खोपी, वांदरं, सांड्याचं तेल. एका परक्या पुरुषापुढे, नवरा शेजारी बसलेला असताना, मी हे कसं बोलले ते देव जाणे. पण बोलून झाल्यावर खांद्यावरची पाण्याची घागर उतरवल्यासारखं वाटलं. हे खाली मान घालून बसले होते. त्यांनी मला अडवलं मात्र नाही.

डॉक्टर म्हणाले, "वाडी आहे ना तुमची? मग ऐका. माणसाच्या गळ्यात इथे पुढे एक गाठ असते. तिच्यातून एक रस झरतो आणि रक्तातून अंगभर जातो. तोच अंगाची ऊब राखतो, आवाज, अक्कल, ताकद सगळं चालवतो. तुमच्या रहाटाचा बैल झोपला तर काय होईल? पाटाला पाणीच नाही. मग शेवटच्या माडाला कुठून मिळणार? तुम्ही आपले शेवटच्या माडाला खत घालत बसलात, तेल लावत बसलात. माड चांगला आहे हो. बैल झोपलाय."

यांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी मी त्यांचे डोळे पूर्ण उघडलेले बघितले. "मग… हा… दोष…"

"दोष कसला? रोग आहे. पुरुषपण कुठे गेलेलं नाही. आणि या मुलीत तर मुळीच काही नाही."

हार्मोन हा शब्द मी फार पुढे, मुलांच्या पुस्तकात वाचला. तेव्हा आम्हाला बैल पुरला.

औषध म्हणजे मुंबईहून येणाऱ्या लहान, पिवळट गोळ्या. डॉक्टरांनी बजावलं की सुरुवात अगदी थोडक्यावर करायची, घाई करून जास्त घेतल्या तर काळीज धडधडेल. आणि औषध थांबवायचं नाही. यांनी विचारलं, कशाचं औषध? डॉक्टर सरळ माणूस, सरळ सांगून मोकळे झाले, "मेंढीच्या गळ्यातली तीच गाठ वाळवून तिची पूड केलेली असते. तुमचा बैल झोपलाय, तोवर मेंढीचा बैल जुंपायचा."

परत येताना गाडीत आमचं ठरलं. यांचं नाव निघू द्यायचं नाही. सासूबाईंना सांगायचं की औषध माझं. हे माझंच डोकं. मला वाटलं, वांझ तर म्हणतातच, औषध घेणारी वांझ म्हणतील, त्यात काय एवढं?

त्यात एवढं होतं की सासूबाई रोज समोर उभ्या राहून मी गोळी घेते की नाही ते बघायला लागल्या! मी गोळी गालात धरायची, पाणी प्यायची, त्यांची पाठ वळली की काढायची. आमच्याकडे जेवणानंतर नवऱ्याला विडा करून द्यायची रीत. दुसरी कोरडी गोळी विड्याच्या पानाखाली तबकात जाऊ लागली. हे पाण्याबरोबर गोळी गिळत आणि वर विडा चघळत. मेंढी आणि रोठा सुपारी एकाच तबकात.

काही आठवडे गेले. एका दुपारी मी वाडीत केळी बघायला गेले तर हे पाटातला गाळ काढत होते, आणि यांच्या पाठीवर घाम होता. घाम! मी जवळ जाऊन बोटानं पुसून बघितला. खरा खारट घाम. मला इतका आनंद झाला की तिथेच मटकन खाली बसले. हे म्हणाले, "काय झाला गो?" आणि ते एका दमात म्हणाले. मधे कढी ढवळून येण्याइतकी फट नव्हती.

मग सुजेनं काढता पाय घेतला. घोंगडी उन्हात टाकून पेटीत गेली. आवाज हळूहळू मोकळा झाला. एक दिवस रहाटाच्या कुरकुरीवरून अभंग ऐकू आला आणि मी हातातला विळा ठेवून ऐकत राहिले. वांदरांनीही खोपीकडे येणं बंद केलं म्हणायचं, कारण यांचं अंथरूण घरात आलं. पुढचं लिहीत नाही. शेवटच्या माडाला पाणी पोचलं, एवढंच.

सासूबाई मात्र घाबरल्या. "पोर वाळला माझा! बायको जेवू घालीत न्हाय." मुलगा बरा होत होता आणि त्या दृष्ट काढत होत्या.

आणि मग श्रावण आला.

आमचं घर मासे खाणारं, पण श्रावण पाळावा तर सासूबाईंनी. आषाढी अमावास्येला मासळीची भांडी राखेनं घासून माळ्यावर जात, चूल सारवली जात, आणि गणपती विसर्जनापर्यंत घरात सुकटाचं नाव निघत नसे. फक्त गौरीच्या दिवशी माळ्यावरची भांडी एकदा खाली येत, कारण आमची गौर तिखटाची. तिला मासळीचा नैवेद्य लागतो.

श्रावण निम्मा झाला तसे हे परत गप्प झाले. मी म्हटलं, पावसानं असेल. गणपतीच्या आधी आवाज बसला. गणपतीत आरतीला यांचे नुसते ओठ हलले. आणि विसर्जनाच्या दिवशी पेटीतून घोंगडी निघाली.  औषध हरलं, असं मला वाटलं. मी रोज विडा देत होते, गोळी देत होते, तबक रिकामं परत येत होतं. आता डॉक्टर तरी काय करणार? मी देवापुढे बसून रडले, आणि खरं सांगते, देवाला बरंच सुनावलंही.

सासूबाईंना त्याच मुहूर्तावर तळ्याची माणसं बोलवायची होती. मुलीचे वडील आणि काका आले, पडवीत बसले. मी आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, चहाचं आधण ठेवून. सासूबाई मुलाला म्हणाल्या, "असा घोंगडीत बसू नको. काला डगला घाल." हा डगला म्हणजे यांचा लग्नातला, वर्षातून एखाद्या वेळी अंगावर यायचा. सासूबाईंनी तो खुंटीवरून काढला आणि धूळ उडवायला झटकला.

खिशातून गोळ्यांचा पाऊस पडला. पिवळट, लहान लहान गोळ्या सारवलेल्या जमिनीवरून घरंगळत गेल्या आणि थेट मुलीच्या वडिलांच्या पायाशी जाऊन थांबल्या.

"ह्या तर सुनेच्या!" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या डगल्यात कशा?"

मुलीच्या वडिलांनी एक उचलून पाहिली. "औषध हाय का? कोनाचा?"

"सुनेचा," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "दोष तिच्यात हाय, म्हनून तर तुमाला बोलावला."

माझं आधण उतू चाललं होतं, चुलीवरचंही आणि डोक्यातलंही. मी उंबरा ओलांडायला पाऊल उचललं. पण त्याआधी हे बोलले. तोच घोगरा, रखडता आवाज. सगळ्यांना थांबावं लागलं.

"औषध… माजा हाय," हे म्हणाले. "हिचा न्हाय. हिच्यात… कायपन दोष न्हाय. रोग मला हाय. तुमची पोर… मला देऊ नका. तिचा… वाटोला व्हईल." मग आईकडे वळले. "डाक्तरनं बरा केलान व्हता आये. पन ती मेंढी हाय. सरावनात… मेंढी कशी खायाची? म्हनून ठेवली… खिशात."

मी मोठ्यांदा हसले. पाहुण्यांसमोर, उंबऱ्यात उभी राहून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसले. औषध हरलं नव्हतं! या शहाण्यानं मेंढीला श्रावण पाळायला लावला होता! असा राग आला होता की तो डगला त्यांच्या डोक्यात घालावा, आणि असं प्रेम आलं होतं की काय सांगू. आपल्या पुरुषपणाची गोष्ट परक्या पुरुषांपुढे उघडी करून तो माणूस घोंगडीत बसला होता, आणि ते त्यानं माझ्यासाठी केलं होतं.

पाहुणे चहा न घेता उठले. पण मुलीचे वडील फाटकापाशी रेंगाळले, काकांना पुढे जाऊ दिलं आणि हळूच यांना विचारलं, "डाक्तर कुठला म्हनालात? माज्या थोरल्या जावयाचा पन आवाज असाच बसलाय."

सासूबाई जमिनीवर बसून राहिल्या होत्या. एक गोळी बोटांत फिरवत म्हणाल्या, "मेंढी?"

"मेंढी," मी म्हटलं.

"किती दिस?"

"जन्मभर."

"सरावनात पन?"

"सरावनात पन, आत्याबाय."

त्यांनी गोळ्या एकेक करून पदरात गोळा केल्या. त्या ओलसर दमट झाल्या होत्या, काही उपयोगाच्या नव्हत्या, तरी गोळा केल्या. मग म्हणाल्या, "गौर आपल्याकडं येती, म्हावऱ्याचा निवद जेवती, नि तरी गौरच ऱ्हाती. माजा पोर एका गोलीनं बाटंल व्हय? दुसरी बाटली आना." आणि उठता उठता, "पन गावात बोलायचा न्हाय."

म्हणजे घरात मी सुटले आणि गावात वांझच राहिले. मी हो म्हटलं, कारण यांच्या अब्रूची गोष्ट होती. पण मनातून जळले, हे लपवून काय करू?

पुन्हा मेंढीचा बैल जुंपला, पुन्हा घोंगडी पेटीत गेली, आणि तुळशीचं लग्न झालं तेव्हा आमच्या घरात तुळशीशिवाय कोणाचंही लग्न निघालं नाही. पुढच्या श्रावणात सासूबाईंनी मासळीची भांडी माळ्यावर ठेवली, आंघोळ केली, आणि ओल्या हातानं आपणच बाटली उघडून मुलापुढे गोळी धरली. "घे. मेंढी खा." मला तेव्हा पाचवा महिना होता.

मुलगी झाली. सासूबाईंना वंश हवा होता, पण नातीला मांडीवर घेतल्यावर त्या वंशाचं नावही विसरल्या. बारशाला घर भरून गेलं. हे अंगणात उघड्या अंगानं, घामानं डबडबून नारळ सोलत होते आणि मोठ्यांदा गात होते. मी बाळाला घेऊन पाटावर बसले होते, सासूबाई बायकांच्या ओंजळीत घुगऱ्या घालत होत्या.

शेजारच्या वाडीतली बाई आपल्या सुनेला घेऊन आली होती. सून माझ्याच वयाची, मूल नसलेली, मान खाली घालून बसलेली. तिच्या कमरेला दोरा होता. मी ओळखला, कारण तसाच मी बांधला होता. ती बाई सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तुला अलिबागच्या डाक्तराचा गुन आला म्हनं. कसला औषध घेतलास ते सांग. माज्या सुनेला पन दे. न्हायतर मला पोराचा दुसरा बघावा लागंल."

मी तोंड उघडलं. ठरलेलं उत्तर जिभेवर आलं होतं. तेवढ्यात घुगऱ्यांचं ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"हिनं कसला औषध घेतलान न्हाय," सासूबाई म्हणाल्या. अंगणातलं गाणं थांबलं, इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. "औषध माज्या पोरानं घेतलान. अजून घेतंय. सरावनात पन घेतंय. रोग त्याला व्हता नि काढा हिला पाजला मी. तू आधी तुज्या पोराला ने डाक्तराकडं. सुनेला कशाला?"

 मला अंगणाकडे बघायचा धीर होईना. मग नारळ सोलायच्या लोखंडी पहारीचा खच्च आवाज आला, आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं.

त्या मुलीनं मान वर करून सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी ताट उचललं आणि तिच्या ओंजळीत मावेनात इतक्या घुगऱ्या घातल्या.